तिसऱ्या हाकेला

अकोल्यात मोटरसायकलींच्या सीटा शिवून देणारे पुष्कळ आहेत, पण देवमन गावंडेच्या हातची सीट बसल्याबरोबर कळते. चालवणाऱ्याच्या जागेपेक्षा मागच्या जागेला तो फोम थोडा जास्त भरतो. एखादं गिऱ्हाईक कुरकुरतं, "भाऊ, गाडी मी चालवतो अन् मऊ जागा मांगच्याले?" देवमन मशीनवरून मान वर न करता म्हणतो, "मांगं लेकरू बसते. खड्डा आधी त्यालेच लागते."

त्याच्या स्वतःच्या गाडीवर मागे आठ वर्षांत लेकरू बसलेलं नाही. तिथला फोम अजून तसाच फुगलेला आहे.

दुकान म्हणजे टिनाचा एक गाळा. शेजारी गयासुद्दीनचं सायकलचं दुकान. दोघांच्या मधे एक बाकडं, त्यावर दुपारी चहा येतो. देवमनच्या गाळ्यात रेक्झिनच्या गुंडाळ्यांच्या वर, खिळ्याला, पाठीवरची एक पिशवी टांगलेली आहे. काळी, लाल पट्ट्यांची, लहान पोराच्या पाठीला बसेल एवढी. कोणी किंमत विचारली तर देवमन म्हणतो, "विकाची नाई. मापासाठी ठेवली." मग गयासुद्दीन गरज नसताना हवेच्या पंपाशी खटपट करू लागतो.

देवमनचं लहानपण चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यात, मनकर्णाआत्याच्या लुगड्याचा पदर धरून फिरण्यात गेलं. आई लवकर गेली. बाप जिनिंगवर कामाला, घरी आला की भिंतीकडे तोंड करून निजायचा. काही काम नसताना, कोणी सोयरं नसताना, नुसतं पाहायला म्हणून बाप लेकरांना घेऊन कुठे जातो, ही गोष्ट देवमनने कधी पाहिलेलीच नव्हती. त्यामुळे स्वतःला दोन लेकरं झाल्यावर ती कशी करायची, हे त्याला आपल्याच मनाने ठरवावं लागलं.

आधी मोर्णा नदीच्या काठाने चालणं. मग सायकलवर बाळापूरच्या दगडी छत्रीपर्यंत. मग एस.टी.ने अकोट आणि पुढे नरनाळ्याचा किल्ला. थोरली दामिनी स्वतःच्या सायकलवर; धाकटा नितेश बापाच्या सायकलच्या दांडीवर, स्कूटरच्या जुन्या सीटमधून कापून बसवलेल्या गादीवर. पाठीवरच्या पिशव्या देवमनने घरीच शिवल्या, उरलेल्या रेक्झिनच्या. शाळेत पोरं ओरडायची, "सीट कव्हर आलं! सीट कव्हर आलं!" दामिनी रडत घरी आली. नितेशने पिशवी नळाखाली धरली, आत हात घालून कोरडी वही काढून दाखवली आणि पोरांना म्हणाला, "तुमच्या बॅगीत पानी टाकू काय?"

"लोक जाते लग्नाले, मयतीले, नाई तं देवाले," गयासुद्दीन म्हणायचा. "तू कोनाच्या घरी चालला, देवमनभाऊ?"

"डोंगराच्या."

"बलावलं काय त्यानं?"

"न बलावता जातो तेच खरं सोयरं."

पुढे गयासुद्दीनही यायला लागला. त्याचं वजन आणि गुडघे पाहता तो वर चढायचा नाही. पायथ्याच्या वावरात गोवऱ्या रचायचा, कणकेचे रोडगे निखाऱ्यात पुरायचा, वांग्याची भाजी लावायचा आणि धुराकडे पाहत गाणी म्हणायचा. पौर्णिमा, देवमनची बायको, बरोबर असली की सगळ्यांच्या पुढे. साडीचा काष्टा मारून ती अशी चढायची की देवमन खालून ओरडायचा, "वरतं काई वाटून राहिले काय?"

"तुमाले उरलं तं देईन!" वरून आवाज.

त्या दिवसांत त्या घरात पैसा नव्हता. रविवार मात्र होता.

एकदा रोडगे उलटवताना देवमनने पोरांना चकव्याची गोष्ट सांगितली. चकवा म्हणजे रानात माणसाची वाट चुकवणारं, डोळ्यांना न दिसणारं काहीतरी. मनकर्णाआत्या म्हणायची, रानात कोणी आपलं नाव घेतलं तर लगेच ओ देऊ नये. चकवा एकदा बोलावतो, दोनदा बोलावतो, तिसऱ्या खेपेला त्याचा दम पुरत नाही. तिसरी हाक माणसाची. ओ द्यायची ती तिसऱ्या हाकेला. आधी दिली तर आपण कुठे आहोत ते त्याला कळतं, आणि मग तो नेतो.

"चकव्याचा आवाज कोनावानी असते?" नितेशने विचारलं. तो बापाच्या मांडीला टेकून बसला होता.

देवमनने निखारा सारला. "आईवानी. लेकराले वाटते, मायच बलावून राहिली."

आत्याने असं काही सांगितलेलं नव्हतं. गोष्टीत मीठ कमी वाटलं म्हणून देवमनने टाकलं.

"माहाच आवाज काहून जी?" पौर्णिमा म्हणाली. "तुमचा काहून नाई?"

"माह्या आवाजाले कोन येते?"

गयासुद्दीन इतका हसला की त्याच्या हातची वाटी कलंडली.

त्यानंतर घरात खेळच झाला. पौर्णिमा जेवायला हाका मारायची. पोरं दारामागे उभी राहून मोजायची, तिसऱ्या हाकेला दोघं एकदम ओरडायची. शाळेत बाईंनी हजेरी घेतली, नितेश गावंडे म्हणून एकदा पुकारलं, पोरगा समोर बसलेला, गप्प. गैरहजेरी पडली. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, "बाई, तुमी एकच डाव बोलावलं." पौर्णिमाला शाळेत जावं लागलं. घरी येऊन ती देवमनला खूप बोलली आणि बोलता बोलता हसायला लागली.

ते शेवटचं हसू नव्हे. पण आता मागे वळून पाहिलं की देवमनला त्याच्या पुढचं एकही आठवत नाही.

पातूरच्या पलीकडे डोंगराची एक सोंड आहे. आसपासचे लोक तिला उलटी टोपली म्हणतात. डिसेंबरातला रविवार होता. कपाशीचा दुसरा वेचा चालू होता, बोरी लदलदल्या होत्या. पौर्णिमा त्या दिवशी घरी होती. पापडाची उडीद डाळ दळायला टाकायची होती. गयासुद्दीन खाली वावरात जाळ करत बसलेला. देवमन, दामिनी आणि नितेश माथ्यावर जाऊन उतरू लागले. उतरताना दामिनीचा पाय मुरगळला, म्हणून देवमनने तिचा हात धरला आणि पुढे झाला. नितेश मागे होता. मागे एक बोर होती.

बोरीच्या पलीकडे नाला होता, आणि त्याच्या काठचा दगड सुटा होता.

खाली येईपर्यंत देवमनला वाटत होतं, पोरगा मागे आहे. मग वाटलं, दुसऱ्या वाटेने पुढे गेला, गयासुद्दीनजवळ असेल. गयासुद्दीनने मान हलवली तेव्हा सूर्य टेकला होता. देवमन परत वर धावला. त्याने हाका मारल्या. तीनच काय, तीसही मारल्या असतील, पण सोंडेच्या ज्या बाजूने मारल्या त्या बाजूला नितेश नव्हता. अंधार पडला. घसा बसला आणि नुसती हवा बाहेर यायला लागली.

गावातून माणसं आली. कोणी बॅटरी घेऊन, कोणी काठी. चांगली माणसं होती, दिवसभर कापूस वेचून थकलेली, तरी जेवण टाकून आली. ती रानभर पांगली. जो तो आपापल्या आवाजात एकदा, फार तर दोनदा हाक मारायचा, कान द्यायचा आणि पुढे सरकायचा. हाक मारून पुढे जाणं, शोधायची रीत तीच. कोणी एका जागी उभं राहून तीनदा हाक मारली नाही. आणि तीनदा मारा, हे त्यांना सांगायचं देवमनच्या डोक्यात आलं नाही. बापाच्या डोक्यात त्या वेळी पोरगा होता. पोराला आपण काय शिकवलं, ते नव्हतं.

गयासुद्दीनने अकोल्याहून जीप करून पौर्णिमाला आणलं. ती नाल्याच्या तोंडाशी उतरली, पोरापासून हाकेच्या अंतरावर, हे नंतर कळलं. तिने हाक मारली, "नितेश!" पुन्हा मारली, "नितेश, बाळा!" आणि तिसऱ्या वेळी आवाज रडण्यात बुडाला, नुसता हुंदका निघाला. बायांनी तिला धरून जीपमध्ये बसवलं.

उजाडता उजाडता एका शेळ्यावाल्याला तो दिसला. दोन दगडांमध्ये डावा पाय, गुडघ्याच्या खाली. जागा होता. शुद्धीत होता. ओठ काळेनिळे पडलेले आणि स्वतःची मूठ तोंडात कोंबलेली, दातांचे व्रण उमटलेली. पौर्णिमाने त्याला छातीशी धरलं तेव्हा तो तिच्या चेहऱ्याला हात लावून पाहत होता, खरी आहे की नाही.

"मी इथीच होती रे बाळा. मी आवाज देल्ला. तू बोल्ला काहून नाई?"

"तू दोन डावच मारली," नितेश म्हणाला. "बाबानं सांगतलं होतं, तो आईवानीच बोलते. मले वाटलं तोच होय. मी लय वाट पाह्यली तिसरीची. कोनीच नाई मारली."

शेळ्यावाला, जमलेली माणसं, गयासुद्दीन, सगळ्यांनी ऐकलं. देवमनने ऐकलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पुष्कळ केलं. रात्रीच आणला असता तर पाय राहिला असता, एवढं ते एकदाच बोलले आणि पुन्हा कधी बोलले नाहीत. गुडघ्याच्या खालून पाय काढावा लागला.

पौर्णिमा भांडली नाही. लोकांना वाटतं, भांडण झालं असेल. तिने नवऱ्याला फक्त एक वाक्य म्हटलं, दवाखान्याच्या जिन्यात, चहाचा थर्मास हातात असताना. "त्यानं माहा आवाज वळखला होता. वळखूनही तो माह्यापासून लपला." मग ती जिना चढून गेली. जखम भरल्यावर ती दोन्ही लेकरांना घेऊन अमरावतीला माहेरी गेली आणि भावाच्या कटलरीच्या दुकानात बसू लागली. कागद झाले नाहीत, कोर्ट झालं नाही. ती फक्त परत आली नाही. देवमननेही बोलावलं नाही. कोणत्या तोंडाने हाक मारणार?

दिवाळीला, परीक्षा झाल्या की, तो जायचा. बाहेरच्या खोलीत बसायचा. पौर्णिमा चहा द्यायची, कपबशी त्याच्या हातात न देता समोर ठेवायची. नितेशला जयपूरचा पाय बसवला तेव्हा गुडघ्याखालचा खुंट सोलपटायचा, हे देवमनने दामिनीकडून ऐकलं. त्याने दुकान बंद ठेवून मऊ सुती कापडाचा, आत पातळ फोम घातलेला मोजा शिवला. उसवला, पुन्हा शिवला. शिवण कुठेच टोचणार नाही असा. पार्सलने पाठवला. पाय वाढला, नवा पाय आला, तेव्हा तो मोजा परत आला, चिठ्ठीशिवाय. देवमनने नाकाशी धरला. धुतलेला होता, घासून पातळ झालेला. म्हणजे वापरला होता. त्या दिवशी तो गयासुद्दीनच्या बाकड्यावर बसून राहिला, आणि गयासुद्दीनने दोन चहा सांगितले आणि दोन्ही थंड होऊ दिले.

असं चालत चालत नितेश कॉलेजात गेला. आणि या डिसेंबरात त्याचा फोन आला.

"बाबा, मले एक बॅग शिवून देता काय? मोठी. आपन घालत होतो तशी."

देवमनने मशीन थांबवलं. "काहून? कुठी चालला?"

"चिखलदरा. धामणगाव गढीकून पायी चढाचं, मंग गाविलगड. दुकानात पाह्यल्या, पन त्याचे पट्टे मले जमत नाई. एका बाजूले झोक जाते."

"आईनं...?"

"आई हो म्हने."

देवमनने मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "कदी?"

"रविवारी. सकाळी अमरावतीच्या स्टँडवरून निघू."

"मी आनतो. येतोच मी."

"हो, या."

देवमनने फोन ठेवला आणि तो बाहेर आला. त्याचा चेहरा पाहून गयासुद्दीनने हातातली ट्यूब खाली ठेवली.

"काय झालं? कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं. मी चाललो. नितेशनं बलावलं. गाविलगडले."

गयासुद्दीनने सगळं ऐकून घेतलं. नळाखाली हात धुतले, सावकाश पुसले. "देवमनभाऊ, वाईट मानू नको. त्यानं तुले बलावलं का बॅग बलावली, हे विचारलं काय?"

"तू पंक्चर काढ."

"मी आपली शंका..."

"डोंगराच्या घरी न बलावता जाते मानूस."

"डोंगराच्या, यार. पोराच्या नाई."

दोन दिवस देवमन त्याच्याशी बोलला नाही. बॅग शिवत होता. डाव्या बाजूचा पट्टा त्याने रुंद केला, आत फोम दिला, कमरेला आडवा पट्टा घातला म्हणजे भार खांद्यावरून कमरेवर उतरेल आणि झोक जाणार नाही. मग स्वतःची जुनी पिशवी काढली, कापडाने पुसली, तिची उसवलेली कड शिवली. नवे बूट घेतले आणि पायांना सवय व्हावी म्हणून दुकानातच घालून बसला. शनिवारी संध्याकाळी गयासुद्दीन आपणहून गोवऱ्या घेऊन आला. आपल्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्याने जाळ केला. दोघांनी रोडगे भाजले. निखारा झटकताना गयासुद्दीन एवढंच म्हणाला, "तुपाचा डबा सरळ ठेवजो. सांडते."

रविवारी सकाळी अमरावतीच्या स्टँडवर पोहोचला तेव्हा बाहेर एक जीप उभी होती. पाच-सहा पोरंपोरी, त्यांचे एक तरुण सर, आणि नितेश. नितेशने अर्धी पँट घातली होती. पाय झाकलेला नव्हता. उन्हात तो चकाकत होता, आणि पोरांमध्ये कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं, इतका तो सगळ्यांना सवयीचा झाला होता. देवमनने आपल्या पोराचा तो पाय असा उघडा पहिल्यांदाच पाहिला. घरी तो नेहमी पायजम्यात असायचा.

दामिनी भावाला सोडायला आली होती. "बाबा!" ती धावत आली, वाकली. नितेशही आला, झपझप, झोक न जाता. बॅग हातात घेतली, उलटीपालटी केली, डावा पट्टा दाबून पाहिला आणि हसला.

"मांगच्या सीटवानी केली तुमी."

"घालून पाह्य."

त्याने घातली, कमरेचा पट्टा लावला, दोन उड्या मारून पाहिल्या. त्या नव्या पायावर उड्या मारणारा पोरगा पाहताना देवमनचे हात आपोआप पुढे गेले आणि त्याने ते मागे घेतले.

"सर, हे माहे बाबा. यायनंच शिवली."

सर म्हणाले, "वा काका! आम्हालाही शिवून द्या." मग घड्याळ पाहिलं. "चला रे, एक एक जण बसा. जागा कमी आहे, बॅगा टपावर."

तेव्हा नितेशची नजर खाली गेली. बापाच्या पायात नवे बूट होते. मग ती वर आली, बापाच्या खांद्यावरची जुनी काळी पिशवी, भरलेली, वरून गुंडाळून बांधलेली चादर. पोराचा चेहरा हळूहळू बदलला. त्याने जीपकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, पुन्हा बापाकडे.

बाप यावा असं कोणाच्या मनात नव्हतं. येऊ नये असंही कोणाच्या मनात नव्हतं. तो विचारच कोणाच्या मनात आला नव्हता.

"बाबा..." नितेश म्हणाला.

"मी निंगतो," देवमन म्हणाला. "मले वरूडले जाचं आहे. ट्रॅक्टरच्या सीटा आहे तिथी. संत्र्याचा सीजन आहे ना, लोकायले टाईम नाई, म्हून मलेच बलावलं. मुक्काम पडते का काय, म्हून चादर घेतली."

त्याला स्वतःलाच नवल वाटलं, खोटं इतकं सरळ कसं आलं.

नितेशने खोल श्वास सोडला. सुटकेचा होता तो. देवमनला तो ऐकू आला.

"रोडग्याचा वास येऊन राहिला," दामिनी म्हणाली.

"हो, हो, आनले ना." देवमनने डबा काढला. "गयासकाकानं भाजले. नितेश, घेऊन जाय वरतं, सगळ्यायले दे. तूप सरळ धरजो."

डबा जड होता. एकट्या माणसाच्या शिदोरीला कोणी एवढे रोडगे बांधत नाही. दामिनीने डबा हातात घेतला, त्याचं वजन तिला कळलं, आणि ती तोंड फिरवून उगाच उसाच्या रसाच्या गाडीकडे पाहू लागली.

काहीतरी बोलायचं म्हणून नितेश म्हणाला, "सर पंचबोलले नेनार आहे. तिथी एक हाक मारली का पाच खेपा वापस येते म्हने."

मागे कुठेतरी एस.टी. वळत होती, कंडक्टर गाडीवर थाप मारत होता.

"तू नको मारू," दामिनी हळूच म्हणाली.

"मी तं मारीन," नितेश म्हणाला आणि हसला. खरं हसला. "सगळ्यात जोरात."

देवमनही हसला.

"चला बाबा, तुमाले गाडीत बसवून देतो."

"नाई, जातो ना मी. तुमची जीप..."

"दोन मिनिटं थांबते ते."

आणि तो बापाची पिशवी स्वतःच्या हातात घेऊन चालू लागला. वरूडची गाडी लागलेलीच होती. आता चढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नितेशने खिडकीची जागा धरून दिली, पिशवी वरच्या फळीवर ठेवली, काच सरकवली. "संत्रे आनजा येताना," म्हणाला. "आईले आवडते." खाली उतरला. दामिनीच्या खांद्यावर हात ठेवून जीपकडे निघाला.

देवमन त्या पाठीकडे पाहत होता. काळं रेक्झिन, लाल पट्टे. मग काय झालं त्याला कळलं नाही. त्याने खिडकीला तोंड लावलं आणि हाक मारली.

"नितेश!"

छातीत त्याने आणखी दोन हाकांचा श्वास भरून ठेवला होता. आठ वर्षं तो तिथेच होता.

पोरगा पहिल्या हाकेलाच वळला. "ओ, बाबा?"

लगेच. विचार न करता, मोजल्याशिवाय. वळणारा चेहरा मोकळा होता. त्यात भीती नव्हती, वाट पाहणं नव्हतं. देवमनला समजलं. अमरावतीच्या त्या घरात कोणीतरी हे पोराला नव्याने शिकवलं होतं. रोज, जेवायला, झोपायला, एकच हाक, आणि हाकेसरशी तोंड दाखवणं. किती दिवस लागले असतील. किती वेळा ती माउली रिकाम्या दाराशी उभी राहून थांबली असेल, दुसरी हाक न मारता. जे त्याने मोडलं ते तिने एकटीने जोडलं होतं, आणि चांगलं जोडलं होतं. ते पाहून त्याला बरं वाटायला हवं होतं. बरं वाटलंही. पण त्याचं आणि त्याच्या पोराचं म्हणून जे काही या जगात उरलं होतं, वाईट का होईना, ते आता कुठे नव्हतं.

"काय बाबा?" नितेश थांबला होता.

देवमनला काही सांगायचं नव्हतं. "कमरेचा पट्टा," तो म्हणाला. "उतरताना आवळून घेजो."

"हो!" त्याने हात वर केला. जीपचं दार लागलं.

मोर्शीपर्यंत देवमनने बाहेर पाहिलं नाही. उतरून परत फिरता आलं असतं, पण खोटं बोललो आहे तर निदान तिथवर जाऊन तरी यावं, असं त्याला वाटलं. वरूडला संत्र्यांचे ढीग पडले होते. बाया फळं निवडत होत्या, पेट्यांवर खिळे ठोकले जात होते. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर उभे होते. सवयीने त्याने एकाच्या सीटवर हात फिरवला. फाटली होती.

"काय पाह्यता जी?" ट्रॅक्टरवाला म्हणाला. खुशालराव नाव त्याचं. मडगार्डवर त्याची लहान पोरगी बसलेली, पाय हलवत, संत्र्याच्या फोडी खात.

"सीट फाटली तुमची."

"मले चालते. सीझन जाऊ द्या, पाहू."

"पोरगी इथीच बसते काय?"

"हट्ट करते. वावरात याचं म्हन्ते माह्यासंग. घरी राहतच नाई." तो हसला. "लोखंड लागते तिले, पन उतरत नाई."

देवमनने पिशवी खाली ठेवली. वरची चादर सोडली, आतली बॅटरी, पाण्याची बाटली बाहेर काढली. पिशवीच्या आतल्या कप्प्यात दाभण आणि दोरा नेहमीच असायचा. खिशातून पातं काढून त्याने पिशवीची शिवण एका बाजूने उसवली, मग दुसऱ्या. पाठीला लागणारी जाड, फोमची बाजू वेगळी झाली. खुशालराव म्हणाला, "अहो, चांगली पिशवी हाय, काहून फाडता?" देवमनने ऐकलं नसावं. त्याने पोरीला हात देऊन उतरवलं, मडगार्डवर ती गादी नीट बसवली, खालून पट्टे ओढून घेतले आणि गाठी मारल्या. पट्टे लाल होते. हाताने दाबून पाहिलं. कड लागत होती, तिथे चादर फाडून आणखी एक घडी घातली.

"किती झाले?" खुशालरावने विचारलं.

देवमनने मान हलवली. मग आठवून म्हणाला, "संत्रे द्या थोडे."

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. नवे बूट चावत होते म्हणून त्याने काढून सीटखाली ठेवले. मांडीवर बॅटरी, बाटली, आणि टॉवेलात बांधलेली संत्री, जी अमरावतीला उतरून एका दारात ठेवायची होती. कंडक्टर तिकीट फाडताना बुटांकडे, बॅटरीकडे पाहून मोकळेपणाने म्हणाला, "काय काका, फिरून आले काय?"

"नाई," देवमन म्हणाला. "कामाले गेलो होतो."